सोनटक्क्यांच्या गाडीचं मऊ पेडल

आमच्या सोसायटीत कुणाचा मुलगा कुणाच्या मुलीबरोबर करोल बागेत चाट खाताना दिसला, हे मला त्या पोरांच्या आयांच्याही आधी कळायचं. आमची ही, अलकनंदा, याला नसत्या उठाठेवी म्हणते. माझं म्हणणं असं, की निवृत्त माणसाला पहिल्या मजल्यावरची, थेट पार्किंगवर उघडणारी बाल्कनी द्यायची आणि वर त्यानं डोळे मिटून जप करावा अशी अपेक्षा ठेवायची, हा कुठला न्याय? त्या बाल्कनीतून मी जे काही पाहिलं त्यात सगळ्यात करमणुकीचं म्हणजे हेमलता सोनटक्के आणि त्यांची पांढरी मारुती.

सोसायटी दिल्लीत पटपडगंजला. नव्वदच्या आगेमागे उभी राहिलेली. राहणारे बहुतेक केंद्र सरकारचे नोकर, आर. के. पुरम आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टर्समधून बाहेर पडलेले मराठी लोक. सरकारी पंख्याखाली आयुष्य गेलेलं, त्यामुळे स्वतःचा पंखा स्वतःच्या छताला लावताना सुद्धा लोक परवानगी कुणाची घ्यायची ते विचारत.

हेमलताबाई मूळच्या कराडच्या. लग्न करून दिल्लीला आल्या नाहीत, हे आधी सांगतो, कारण त्या स्वतः ते सगळ्यांना आधी सांगत. स्टेनोची परीक्षा देऊन, एक पत्र्याची ट्रंक घेऊन एकट्या आल्या. सूर्यकांत सोनटक्के त्यांना भेटले ते महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमीत. ते नायक होते आणि पाठांतराच्या नावानं शून्य. या प्रॉम्प्टर. प्रयोगभर यांनी विंगेतून वाक्य सांगायचं आणि त्यांनी ते हात उंचावून म्हणायचं. पुढे लग्न झालं. लग्नानंतर सोनटक्क्यांनी ही व्यवस्था उलटी करायचा जन्मभर प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

बाई एका मंत्रालयात स्टेनो, सोनटक्के दुसऱ्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. बोलणं सगळं फायलीतलं. बायकोनं विचारलं, "आज भेंडी करू का?" तर म्हणत, "हरकत दिसत नाही." मुलगी रुचिता पुण्याला कॉलेजात, तिच्या फोनवरही यांचा शेवट ठरलेला: "ठीक. पुढील प्रगती कळवत राहा."

गाडी चालवायला शिकल्या त्या हेमलताबाई. सोसायटीतली पहिली बाई. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीतून उतरून त्यांनी स्वतःची गाडी पहिल्यांदा पार्किंगमध्ये फिरवली, तेव्हा खाली क्रिकेट खेळणारी पोरं स्टंप उचलून दुसऱ्या ब्लॉकमागे गेली. पण वर्षभरात बाई रोज ऑफिसला गाडी नेऊ लागल्या. सोनटक्के मात्र चार्टर्ड बसनं जात. गाडीचं स्टिअरिंग ते फक्त रविवारी सकाळी धरत, मयूर विहारपर्यंत भाजी आणायला, आणि अशा वेगानं की सायकलवाला घंटी वाजवून पुढे जाई.

तर शहाण्णव साल. गुडगावात परदेशी कंपन्यांची काचेची ऑफिसं उभी राहत होती. हेमलताबाईंचे एक जुने साहेब निवृत्त होऊन तसल्याच एका कंपनीत सल्लागार झाले होते. त्यांनी बोलावलं: ऑफिस तुम्ही सांभाळा, स्टेनोगिरी पुष्कळ झाली. बाईंनी काय करावं? सरळ स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली! नोव्हेंबरअखेर मुदत संपत होती. तोवर अर्ज करून ती मागे घेता येत होती, आणि सोनटक्क्यांनी तो अर्ज टाइप करून आपल्या बॅगेत तयार ठेवला होता. फक्त सही बाकी.

सोसायटीत तर जणू कुणी संन्यास घेतल्यासारखी चर्चा. "गुडगाव? तिथं संध्याकाळी कोल्हे ओरडतात म्हणे." "पेन्शन मिळेल हो, पण सीजीएचएसच्या सरकारी दवाखान्याचं काय?" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खंडेराव तर म्हणाले, "कंपनी उद्या गाशा गुंडाळून गेली, तर या काय जपानला जाणार?" कंपनी जपानी नव्हती, पण खंडेरावांना सगळे परदेशी जपानीच वाटत.

यातली खरी अडचण एकच होती. पटपडगंजहून गुडगावला बसनं जायचं तर दोन ठिकाणी बस बदलायची आणि पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची. म्हणजे गाडी असेल तर नोकरी. आणि नेमकी तीच गाडी बिघडली.

दसरा झाला होता. खंडेनवमीला सोनटक्क्यांनी पार्किंगमध्ये गाडीची यथासांग पूजा केली होती, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, बॉनेट उघडून इंजिनाला सुद्धा अक्षता. मी वरून पाहत होतो, प्रसादाचा पेढाही मला वर आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीची नेहमीची सर्व्हिसिंग झाली. सतपाल मिस्त्रीनं चाकं उघडली, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, आणि गाडी परत दिली. आणि मग एका संध्याकाळी हेमलताबाई जिन्यातच मला म्हणाल्या,

"नाना, ब्रेकचं पेडल मऊ लागतंय."

"मऊ म्हणजे?"

"म्हणजे कणकेच्या गोळ्यावर पाय ठेवल्यासारखं. आयटीओ चौकातल्या जाममध्ये पाय खाली जातो तो जातोच. दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येतं."

"सोनटक्क्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, तपासून पाहतो."

रविवारी सकाळी त्यांनी तपासून पाहिलं. मयूर विहारला गेले, फ्लॉवर आणि मेथी घेऊन आले. पेडल ठणठणीत. गाडीतून उतरतानाच निकाल दिला, माझ्याकडे वर बघत, म्हणजे निकाल सर्व संबंधितांना कळावा: "पेडल उत्तम आहे, नाना. दोष असलाच तर चालकाच्या पायात आहे."

बाईंनी गाडी सतपालकडे नेली. सतपालचं गॅरेज सोसायटीच्या मागच्याच रस्त्याला. त्यानं सीटवर बसून पेडलवर पाय असा मारला की गाडी हलली. "मैडमजी, यह तो पत्थर है पत्थर." मग एक चक्कर मारून आणली. तरी बाईंच्या समाधानासाठी मागच्या चाकांचे ब्रेक थोडे कसून दिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचेपर्यंत पेडल पुन्हा मऊ. आता तर आधीपेक्षा जास्त.

आणि मग ती कुंडी. संध्याकाळी बाई ऑफिसमधून येऊन गेटमध्ये वळल्या, ब्रेक दाबला, आणि गाडी अगदी सावकाश, एखाद्या पाहुण्यानं हळूच ताटावर बसावं तशी, खंडेरावांच्या शेवंतीच्या कुंडीवर जाऊन बसली. कुणाला लागलं नाही. कुंडी फुटली. पण जमलेल्या पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर काय समाधान! अशा वेळी माणसं दुःखी चेहरा करायचा प्रयत्न करतात आणि मिशीच्या टोकावरून पकडली जातात. खंडेराव म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, लेडीज ड्रायव्हिंगमध्ये हे व्हायचंच." सोनटक्क्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

पुढचे दिवस हेमलताबाई चार्टर्ड बसनं गेल्या. नवऱ्याच्याच बसनं, पण पुढच्या सीटवर.

एक गोष्ट सोनटक्क्यांच्या बाजूनं सांगायला हवी. बायकोच्या समाधानासाठी त्यांनी गाडी पुन्हा सतपालकडे दिली. सतपाल म्हणाला, मास्टर सिलिंडर गेला असेल. म्हणजे पेडलचा जोर नळ्यांमधून चाकांपर्यंत पोचवणारा भाग. सोनटक्के स्वतः करोल बागेत जाऊन तो घेऊन आले आणि कामभर सतपालच्या डोक्यावर उभे राहिले. जुना सिलिंडर काढताना ब्रेक ऑइल निघालं, ते सतपालनं एका बाटलीत धरलं आणि बाजूला ठेवून नव्या ऑइलच्या डब्याला हात घातला.

"अरे भाई, यह तो अभी दशहरेके बाद डाला था. साफ है. फेकना मत, वही डालो."

"साबजी, नया डाल देते हैं ना."

"वाया घालवायचं कशाला?" हे ते मराठीतच म्हणाले, पण त्या सुरातलं वाक्य कुठल्याही भाषेत कळतं. सतपालनं मान डोलावून जुनंच ऑइल परत ओतलं.

गाडी घरी आली. बाईंना एक दिवस किल्ली मिळाली. आयटीओला पेडल पुन्हा कणकेसारखं. संध्याकाळी सोनटक्क्यांनी बॅगेतून तो टाइप केलेला अर्ज काढून डायनिंग टेबलावर ठेवला. हे मी पाहिलं नाही, अलकनंदानं पाहिलं. ती विरजण मागायला गेली होती. नसत्या उठाठेवी मी एकटाच करतो, असं नाही.

"हेमा, आता भाग नवा आहे," सोनटक्के म्हणाले. "जुना उरला तो फक्त तुझा पाय. या ब्रेकवर रोज गुडगाव? सही कर."

"सकाळी पेडल कडक असतं, तेव्हा पाय कुणाचा असतो?" बाई म्हणाल्या. "तोही माझाच असतो ना?"

यावर सोनटक्के बातम्या लावून बसले.

हाच प्रश्न बाईंनी डोक्यात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या सतपालकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आप हमेशा ठंडी गाडी देखते हो. साब भी. यह बीमारी गरम होनेके बाद आती है. मेरे साथ बैठो, गुडगाव तक चलो, फिर बोलो." सतपालला ते पटलं. सोनटक्क्यांनीही मान्य केलं, पण अटीवर: या फेरीत दोष सापडला नाही, तर परत आल्यावर सही. बाई म्हणाल्या, "मंजूर." आणि एक निःपक्षपाती साक्षीदार हवा, म्हणून सोनटक्क्यांनी मला बोलावलं. मला! मी तर पायात मोजे घालूनच बसलो होतो.

शनिवारी सकाळी निघालो. हेमलताबाई स्टिअरिंगवर, शेजारी सतपाल, त्याच्या पायाशी अवजारांची पिशवी आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. मागे सोनटक्के आणि मी. सोनटक्क्यांच्या मांडीवर बॅग. बॅगेत अर्ज.

निजामुद्दीनच्या पुलावर पेडल कडक. आश्रमच्या चौकात कडक. सोनटक्के खिडकीबाहेर बघत गुणगुणायला लागले. लाजपत नगरच्या पुढे मोटारी, टेम्पो, बसगाड्या एकमेकांना चिकटून सरकत होत्या. दर दहा हातांवर थांब, सुट, थांब. सतपाल बाईंच्या पायाकडे टक लावून बघत होता, इतका, की दुसऱ्या कुठल्या प्रसंगी सोनटक्क्यांनी त्याला हटकलं असतं.

मोतीबाग गेलं. धौला कुआंच्या उतारावर पुढची ब्ल्यूलाइन बस अचानक थांबली. बाईंनी ब्रेक दाबला. "गया!" सतपाल ओरडला. सोनटक्क्यांनी माझा गुडघा असा धरला की दुसऱ्या दिवशीही वळ होता. बाईंनी पेडल भराभर दोनदा दाबलं, डाव्या हातानं हँडब्रेक ओढला, आणि गाडी बसच्या मागच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबली. बसच्या मागे लिहिलं होतं, 'फिर मिलेंगे'.

"आता?" बाईंनी मागे वळून विचारलं. आवाजही चढला नव्हता.

सोनटक्के म्हणाले, "दोष... आढळून आला आहे."

गाडी कडेला घेतली. सतपालनं स्वतः पेडल दाबून पाहिलं. पेडल फरशीला टेकलं. भराभर दाबलं, वर आलं. खाली उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि चटका बसून मागे घेतला. मग चाकामागची, ऑइल काढायची छोटी निपल ढिली करून तिला प्लॅस्टिकची नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. नळीतून फेस यायला लागला.

"हवा है क्या?" मी विचारलं.

"इतनी हवा कहांसे आएगी, बाबूजी? दो बार निकाली है मैंने. और हवा होती तो सुबह भी नरम होता." तो पुरता गोंधळला होता.

रस्त्याकडेला एक चहावाला होता. त्याच्या स्टोव्हवर सतपालनं बाटलीतलं थोडं ऑइल एका जुन्या डब्याच्या झाकणात धरलं. ते तापलं मात्र, तडतड उडायला लागलं. सतपाल दचकून मागे सरला. हेमलताबाई मात्र वाकून ऐकत होत्या.

"पानी है," त्या म्हणाल्या. "ओला कढीपत्ता फोडणीत पडला की असंच तडतडतं. भैया, नए डिब्बेवाला रखके देखो."

नव्या डब्यातलं ऑइल तेवढ्याच आचेवर गप्प बसून राहिलं.

मग सतपालच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ब्रेक ऑइल दाबलं तरी दबत नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत जातो. त्यात पाणी मिसळलेलं असेल आणि ब्रेक तापले, तर त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली की दबते. पाय खाली जातो. गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा पाणी, पेडल पुन्हा कडक. रविवारची मेथी आणताना ब्रेक कधी तापलेच नव्हते. आणि सर्व्हिसिंगमध्ये हवा काढताना सतपालनं स्वतःच ते पाणी ढकलून चाकांपर्यंत पोचवलं होतं.

"और एक बात, मैडमजी. बुरा मत मानना. आपका पैर पूरे रास्ते ब्रेकपे रखा रहता है. हल्का-हल्का. उससे और गरम होता है."

"स्कूलवालोंने बोला था, पैर तयार रखो."

"तयार रखो. बिठाके मत रखो."

बाईंनी मान डोलावली. सोनटक्के पुढे सरसावले. त्यांना थोडा प्राण आला होता. "बघ. मी म्हटलं होतं, पायाचाही काही अंशी..."

पण सतपालचं डोकं आता दुसरीकडेच तापलं होतं. "पर पानी आया कहांसे? तेलकी डब्बी तो बंद रहती है. किसी गधेने ढक्कन खोलके नलका गंदा पानी डाला है!"

"नलका नहीं है!" सोनटक्के गरजले. "हरिद्वारका है!"

चहावाल्यानं सुद्धा स्टोव्हचा पंप मारायचं थांबवलं.

हेमलताबाईंनी अगदी हळू विचारलं, "अहो, काय हरिद्वारचं?"

मग ते बाहेर आलं. खंडेनवमीला पूजा झाल्यावर ताम्हनात गंगाजल उरलं होतं. तीर्थ पायदळी जायला नको. ओतायला पार्किंगमध्ये तुळस नाही. वर घरी न्यावं तर बाई वर फराळाच्या गडबडीत, दारातच ओरडतील. समोर बॉनेट उघडं, आत एक पांढरी डबी. सोनटक्क्यांना वाटलं, इंजिनाच्या पाण्याची असणार. झाकण काढलं आणि पळीनं, मंत्र म्हणत, सगळं तीर्थ आत सोडलं. "आणि गंगाजल कधी खराब होत नाही," ते शेवटी म्हणाले. "वर्षानुवर्षं राहतं. प्रयोगशाळेत सुद्धा..."

"खराब नाही झालं हो," बाई म्हणाल्या. "ब्रेक खराब झाला."

सतपालनं आधी दोन्ही कानांना हात लावले. त्याला नुकताच उच्चारलेला 'गधा' आठवला असावा. "गंगा मैया का कोई कसूर नहीं, साबजी," तो गंभीरपणे म्हणाला. "बैठो. सारा तेल बदलना पडेगा. पेडल आप दबाओ."

या कामाला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी निपल उघडतो आणि बंद करतो. नळीतून जुनं ऑइल बाहेर येतं, वरच्या डबीत नवं ओतत राहायचं. हेमलताबाई डबीपाशी उभ्या राहिल्या, आणि हुकूम द्यायचं कामही आपोआप त्यांच्याकडे आलं.

"दाबा. धरून ठेवा. अहो, धरा म्हटलं ना! सोडू नका अजून... हां. सोडा."

अंडर सेक्रेटरी दाबत होते, धरत होते, सोडत होते. चारी चाकं झाली. मी चहा घेतला. दुसराही घेतला, असा प्रयोग रोज बघायला मिळत नाही.

आणि मग नवीच पंचाईत. काढलेलं ऑइल बाटलीत. सतपाल ते नालीत ओतायला निघाला.

"थांबो!" सोनटक्के म्हणाले. "उसमें गंगाजल है."

सतपालनं बाटलीकडे पाहिलं, नालीकडे पाहिलं, आणि बाटली दोन्ही हातांनी जपून धरून उभा राहिला. त्याचीही हिंमत होईना. माणूस पंजाबी असो की मराठी, इथं सगळे सारखेच.

"आणा इकडे," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी बाटलीला बूच लावलं आणि नवऱ्याच्या हातात दिली. "तुमचं तीर्थ तुम्ही सांभाळा. बसा मागे. आता इथपर्यंत आलोच आहोत, तर ऑफिस बघून येऊ."

गुडगावपर्यंत त्यांनी गाडी मुद्दाम प्रत्येक ट्रकमागे घातली. दर वेळी ब्रेक लावला की सतपाल मोठ्यानं "पत्थर!" म्हणे, आणि ब्रेक सोडला की बाई पाय पेडलवरून पूर्ण उचलत. ते उचलणं त्यांना जड जात होतं, दिसत होतं, पण उचलत होत्या. सोनटक्क्यांना बाटली धरायला दोन्ही हात लागत होते, म्हणून बॅग माझ्या मांडीवर आली होती.

काचेची इमारत अर्धी बांधून झाली होती, अर्ध्या भागाला बांबूच्या परांच्या बांधलेल्या. आजूबाजूला मोहरीचं शेत. बाईंनी गाडी समोर उभी केली, इंजिन बंद केलं. सोनटक्क्यांनी सवयीनं पुढे हात केला, किल्लीसाठी. पण हातात बाटली होती. बाईंनी त्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"अर्जाचं काय करायचं मग?" सोनटक्क्यांनी विचारलं. आवाज खाली होता, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

"तुम्हीच सांगा."

त्यांनी बाटलीचं बूच एकदा दाबून घट्ट केलं. मग म्हणाले, "हरकत दिसत नाही." भेंडीला म्हणायचे तसंच.

नोव्हेंबरअखेर बाई सरकारातून मोकळ्या झाल्या आणि सोमवारपासून गुडगावला जायला लागल्या. इकडे महाराष्ट्र मंडळात सोनटक्क्यांनी सांगायला सुरुवात केली, की मिस्त्री चक्रावला होता, पण पाणी आहे हे शेवटी आपल्यामुळेच कळलं. एका अर्थी खोटंही नाही. हे बाईंच्या कानावर घालायचं पुण्यकर्म अर्थातच मी केलं.

"म्हणू देत की, नाना," गाडीचं दार उघडत त्या म्हणाल्या. "मी सकाळी निघते ती दिवेलागणीला परत. ऐकायला मी इथं असते कुठे?"